गृहीत धरलेला होकार

अवयवदानाच्या कायद्यावर कुठेही चर्चा सुरू झाली की ती अर्ध्या तासाच्या आत एकाच प्रश्नापाशी येऊन अडते. ज्याने जिवंतपणी स्पष्ट नकार नोंदवला नाही, त्याची मृत्यूनंतर अवयव देण्यास संमती आहे असे कायद्याने धरून चालावे की नाही? एक बाजू म्हणते, प्रतीक्षायादीतली माणसे मरत आहेत आणि त्यांना वाचवू शकणारी मूत्रपिंडे रोज राख होत आहेत. दुसरी बाजू म्हणते, माणसाचा देह ही सरकारी मालमत्ता नव्हे. दोन्हीकडे तळमळ असते, दोघांनाही आपल्या नैतिक उंचीबद्दल शंका नसते, आणि तुटवडा मुळात संमतीचाच आहे ही एक गोष्ट दोघांनीही न तपासता मान्य केलेली असते. माझ्या मते वाद बिघडतो तो इथेच. काही मूत्रपिंडे नकारामुळे हातची जातात हे खरे. पण त्याहून अधिक मूत्रपिंडे कोणी वेळेवर आणि नीट विचारले नाही म्हणून जातात, आणि जी मिळतात त्यांतली कितीतरी आपण सांभाळू शकत नाही म्हणून वाया जातात. संमतीचा कायदा बदलल्याने या दोन्ही गळती थांबत नाहीत.

आधी गृहीत संमतीच्या बाजूने जे बोलले जाते त्याचे वजन मान्य करायला हवे, कारण ते हलके नाही. अवयवदान बरे की वाईट असे विचारले तर बहुतेक माणसे बरे म्हणतात. नोंदणीचा अर्ज मात्र त्यांतले थोडेच भरतात. स्वतःच्या मरणाचा विचार पुढे ढकलणे हा माणसाचा स्वभाव आहे. मग कायद्याने या चालढकलीचा कल दानाच्या बाजूला वळवला, तर त्यात कोणावर अन्याय झाला? 2003 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी प्रसिद्ध केलेला तक्ता या बाजूचे आवडते शस्त्र आहे. जर्मनीत, जिथे होकार नोंदवावा लागतो, संमतीचे प्रमाण 12 टक्के. शेजारच्या, त्याच भाषेच्या ऑस्ट्रियात, जिथे नकार नोंदवावा लागतो, ते 99 टक्क्यांच्याही वर. दुसरा मुद्दा कुटुंबाचा. काही तासांपूर्वी धडधाकट असलेला मुलगा गमावलेल्या आईबापांना त्याच घटकेला एवढा मोठा निर्णय घ्यायला लावण्यापेक्षा कायद्यानेच तो भार उचलावा, असे म्हणण्यात करुणा आहे. तिसरा मुद्दा सरळ हिशेबाचा. मृताला अवयवाचा उपयोग नाही, तर ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत तो आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास यंत्राला जोडून घेऊन दिवस काढतो आहे, आणि डायलिसिसवर काढलेले प्रत्येक वर्ष त्याचे पुढचे आयुष्य कमी करते आहे.

हे तिन्ही मुद्दे मान्य करूनही मला गृहीत संमतीचा आग्रह पटत नाही. त्या प्रसिद्ध तक्त्यापासूनच सुरुवात करू. तो काय मोजतो? कायद्याच्या दृष्टीने किती माणसे होकाराच्या रकान्यात बसतात, एवढेच. किती मूत्रपिंडे प्रत्यक्षात कोणाच्या शरीरात बसवली गेली, हे तो सांगत नाही. दर दहा लाख लोकसंख्येमागे किती मृत दात्यांकडून अवयव मिळाले हे पाहिले, तर ऑस्ट्रिया जर्मनीच्या पुढे आहे, पण आठपटीने नाही. साधारण दीड ते दोन पटींनी. कागदावर आठपट असलेला फरक शस्त्रक्रियागृहापर्यंत पोचता पोचता एवढा का आटतो? कारण अवयव देता येईल असा मृत्यू फार थोड्यांच्या वाट्याला येतो. ब्रिटनमधला अनुभव असा की शंभर मृत्यूंपैकी जेमतेम एक मृत्यू दान शक्य होईल अशा परिस्थितीत होतो. घरी झोपेत गेलेल्या माणसाचे मूत्रपिंड कामाचे राहत नाही, मग त्याचे नाव कोणत्याही यादीत असो. मेंदूचे कार्य कायमचे थांबलेले आहे, पण व्हेंटिलेटरच्या साहाय्याने हृदय अजून चालू आहे, असा रुग्ण अतिदक्षता विभागात असावा लागतो. किंवा हृदय थांबल्यावर काही मिनिटांतच हालचाल करू शकेल असे सज्ज पथक तिथे हवे. 1968 मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले तेव्हापासून हे तत्त्वतः ठाऊक आहे. व्यवहारात मात्र त्या रुग्णाकडे पाहून हा दाता होऊ शकेल असे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते, तपासण्या दोनदा कराव्या लागतात, रक्तदाब सावरून धरावा लागतो, आणि कोणीतरी नातेवाइकांसमोर जाऊन बसावे लागते. यातली एक कडी निसटली की संपले. कोट्यवधी लोकांचा होकार गृहीत धरला तरी त्या रात्री त्या विभागात हे काम ज्याच्याकडे सोपवलेले आहे असा माणूसच नसेल, तर तो होकार घ्यायचा कोणी?

स्पेनचे उदाहरण गृहीत संमतीचे समर्थक नेहमी देतात, आणि ते त्यांच्याच विरुद्ध जाते. स्पेनमध्ये गृहीत संमतीचा कायदा 1979 चा आहे. त्यानंतर दहा वर्षे गेली तरी दर दहा लाखांमागे दाते 14 च्या आसपासच होते. 1989 मध्ये राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली. तिने कायद्याला हात लावला नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एक समन्वयक नेमला, तोही बहुधा अतिदक्षता विभागातलाच डॉक्टर. त्याला शोकात बुडालेल्या कुटुंबाशी कसे बोलावे याचे प्रशिक्षण दिले. आणि विभागात झालेल्या प्रत्येक मृत्यूची फेरतपासणी करून, इथे दान शक्य होते का, असल्यास कुठे हुकले, याची नोंद ठेवायला लावली. दहा वर्षांत आकडा 30 च्या पुढे गेला, आणि आज तो 45 च्याही वर आहे. कायदा दोन्ही दशकांत तोच होता. शिवाय स्पेनमध्ये आजही कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव काढत नाहीत. कुटुंब नाही म्हणाले की तिथेच थांबतात. ज्या देशाकडे बोट दाखवून गृहीत संमती मागितली जाते, तो देश व्यवहारात ती वापरतच नाही. उलट अमेरिकेत होकार नोंदवावा लागतो, आणि तरीही मृत दात्यांच्या प्रमाणात ती जगात अगदी वरच्या देशांत आहे. बल्गेरियात गृहीत संमती आहे, आणि तो देश तळाशी आहे.

ब्रिटनची कहाणी याहून बोलकी आहे, कारण तिथे दोन्ही वाटा एकाच देशात चालून पाहिल्या गेल्या. सरकारने नेमलेल्या कृतिदलाने जानेवारी 2008 मध्ये रुग्णालयांतली व्यवस्था सुधारण्याच्या 14 शिफारशी केल्या, आणि त्याच कृतिदलाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गृहीत संमतीचा कायदा आणू नये असा सल्ला दिला. सल्ला मानला गेला, शिफारशी अमलात आल्या, प्रशिक्षित परिचारिका नेमल्या गेल्या, आणि पाच वर्षांत मृत दात्यांची संख्या निम्म्याने वाढली. नंतर वेल्सने डिसेंबर 2015 पासून गृहीत संमती लागू केली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या कुटुंबांच्या होकाराचे प्रमाण लक्षणीय वाढले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. मात्र वेल्सने कायदा मंजूर झाल्यापासून तो लागू होईपर्यंत दोन वर्षे घरोघरी या विषयावर बोलणी घडवून आणली होती. इंग्लंडने मे 2020 मध्ये तोच कायदा महासाथीच्या गदारोळात आणला, तेव्हा होकाराचे प्रमाण वाढले तर नाहीच, पुढच्या वर्षांत ते घसरले. महासाथीचा त्यात वाटा असेल. पण मग वेल्समध्ये जे घडले ते कायद्याने की त्याच्याभोवतीच्या बोलण्याने, हा प्रश्न उरतोच. प्रशिक्षित परिचारिका बोलण्यात सामील असेल तर होकार मिळण्याची शक्यता कितीतरी वाढते, ही गोष्ट मात्र त्या देशाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे दिसत आली आहे.

विश्वास हा या साऱ्या व्यवहाराचा पाया आहे, आणि कायद्याच्या जोरावर तो उभा करता येत नाही. तुटतो मात्र चटकन. ब्राझीलने 1997 मध्ये गृहीत संमतीचा कायदा केला. आपल्याला वाचवण्याआधी डॉक्टरांचे डोळे आपल्या अवयवांवर असतील या भीतीने लोकांनी ओळखपत्रांवर ‘दाता नाही’ असे शिक्के मारून घ्यायला सुरुवात केली, डॉक्टरांच्या संघटनाही विरोधात गेल्या, आणि 1998 मध्येच सरकारला माघार घ्यावी लागली. गंमत अशी, की त्याच ब्राझीलमधल्या सांता कातारिना राज्याने पुढे कुटुंबाला विचारण्याची रीत कायम ठेवून, स्पेनच्या धर्तीवर समन्वयक तयार केले, आणि दर दहा लाखांमागे 40 हून अधिक दाते गाठले. जर्मनीत 2012 मध्ये काही ठिकाणी डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना रांगेत पुढे नेण्यासाठी तपासणीचे आकडे फिरवल्याचे उघड झाले. 2011 मध्ये मृत दाते 1,200 होते. 2013 मध्ये ते 876 वर आले. दोन वर्षांत कायद्यातली संमतीची व्याख्या बदललेली नव्हती. रांग खरी आहे यावरचा लोकांचा विश्वास मात्र उडाला होता.

चुकीच्या प्रश्नावर तावातावाने वाद घालण्याची मूत्रपिंडाच्या उपचारांत जुनी परंपरा आहे, म्हणून थोडे मागे जातो. विलेम कॉल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये डायलिसिसचे यंत्र बनवले. पण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे दीर्घकाळच्या रुग्णाला त्याचा उपयोग नव्हता. 1960 मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी नळी बसवली आणि तो अडथळा दूर झाला. आता यंत्रे थोडी, रुग्ण पुष्कळ. तेव्हा सिएटलमध्ये सात जणांची एक समिती नेमली गेली. तिच्यात वकील, धर्मोपदेशक, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक शल्यविशारद होते. कोणाला यंत्रावर घ्यायचे आणि कोणाला नाही, हे ते सात जण ठरवत. उमेदवाराचे उत्पन्न, शिक्षण, मुलेबाळे, चर्चमधली हजेरी अशा गोष्टी विचारात घेत. 1962 मध्ये हे वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून बाहेर आले आणि जीव वाचवण्याचे योग्य निकष कोणते यावर मोठा वाद पेटला. तत्त्वचिंतकांनी त्यावर उत्तमोत्तम लेख लिहिले. पण तो प्रश्न सुटला कसा? निकष सुधारून तो सुटला नाही. 1972 मध्ये अमेरिकी काँग्रेसने मूत्रपिंड निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या उपचाराचा खर्च सरकारने द्यावा असा कायदा केला, यंत्रे वाढली, आणि अशा समितीची गरजच उरली नाही. आजच्या संमतीच्या वादाकडे पाहताना मला ती समिती आठवते. आपणही सात जणांच्या खोलीत बसून चर्चा करतो आहोत, आणि बाहेर यंत्र आणण्याचे काम कोणी करत नाही.

कुटुंबावरचा भार हा मुद्दा मात्र नुसत्या आकड्यांनी खोडता येत नाही. कायद्याने निर्णय घेतला तर आईबापांची सुटका होते असे मानणाऱ्यांना मी एवढेच विचारेन, की ‘आम्हाला कोणी विचारलेच नाही’ हे वाक्य मनात घेऊन पुढची वीस वर्षे जगणे हा हलका भार आहे का? शिवाय आपल्या भाषेने या कृतीला ‘दान’ म्हटले आहे, आणि दान म्हटले की देणारा आला. दधीची ऋषींची कथा अवयवदानाच्या प्रत्येक भाषणात येते, पण तिच्यातला महत्त्वाचा भाग वक्ते गाळतात: वज्रासाठी अस्थी हव्या होत्या, तर देव ऋषींच्या आश्रमात गेले आणि त्यांनी त्या मागितल्या. ऋषीच आहेत, नाही थोडेच म्हणणार, असे धरून ते कामाला लागले नाहीत. मागण्यात कमीपणा नाही, पण मागायला कौशल्य लागते, वेळ लागतो, आणि नकार ऐकून घेण्याची तयारी लागते. गृहीत संमतीचे खरे आकर्षण, मला वाटते, हे कष्ट वाचतात यात आहे.

मृतांचा होकार गृहीत धरावा की नाही यावर एवढे रण माजवणारा समाज जिवंतांचा होकार मात्र सहज गृहीत धरतो, हा मला या चर्चेतला सर्वांत मोठा ढोंगीपणा वाटतो. मूत्रपिंड हा अवयव वेगळा आहे, कारण तो जिवंतपणी देता येतो. जगभरात जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त आहेत, आणि काही देशांत हे अंतर फार मोठे आहे. नवरा किंवा मुलगा आजारी पडला की घरातल्यांची नजर आपोआप कोणाकडे वळते? तिला कोणी जबरदस्ती करत नाही. ती देणारच, असे धरले जाते, आणि तिची सही हा उपचार उरतो. तिच्यापुरती जोखीम छोटी आहे, शून्य नाही: शस्त्रक्रियेनंतरच्या तीन महिन्यांत दर 10,000 दात्यांमागे सुमारे तीन मृत्यू अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत आढळले, आणि उरलेले एकच मूत्रपिंड पुढे निकामी होण्याचा धोकाही किंचित वाढतो. 1995 पासून दुर्बिणीतून मूत्रपिंड काढता येऊ लागल्याने वेदना आणि मुक्काम कमी झाले, पण घरातला दबाव दुर्बिणीने कमी होत नाही. चांगल्या केंद्रांत दात्याशी कुटुंबाला बाहेर बसवून एकांतात बोलतात, आणि तिला द्यायचे नसेल तर घरच्यांना ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढेच सांगतात. ही छोटीशी सोय मला संमतीवरच्या सगळ्या जाड ग्रंथांपेक्षा शहाणपणाची वाटते. ज्यांना द्यायचे आहे पण रक्तगट जुळत नाही, त्यांच्यासाठी दोन किंवा अधिक जोड्यांनी दात्यांची अदलाबदल करण्याची कल्पना 1986 मध्ये मांडली गेली; पुढे अ‍ॅल्विन रॉथ यांच्या जुळणीच्या गणिताने ती मोठ्या प्रमाणावर शक्य केली, आणि त्या प्रकारच्या कामाला 2012 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. इथेही एकाही नव्या माणसावर सक्ती झाली नाही. होकार आधीच होता, त्याला वाट करून दिली गेली.

विज्ञान लवकरच हा सगळा वाद निकालात काढेल, असेही काही जण म्हणतात. मार्च 2024 मध्ये बोस्टनमध्ये 69 जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड एका जिवंत रुग्णाला बसवले गेले. तो सुमारे दोन महिन्यांनी वारला. त्याचे कारण ते मूत्रपिंड असल्याचे दिसत नाही, असे रुग्णालयाने सांगितले. वाट आशेची आहे, पण आज डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्याला ती उपयोगाची नाही.

त्याच्या उपयोगाची गोष्ट याहून साधी आहे: जी मूत्रपिंडे दात्यांनी दिली आहेत ती तरी वाया जाऊ नयेत. 2004 ते 2014 या काळाच्या एका तुलनेत अमेरिकेत मृत दात्यांकडून काढलेल्या मूत्रपिंडांपैकी सुमारे 18 टक्के कोणालाही न बसवता टाकून दिली गेली, तर फ्रान्समध्ये ते प्रमाण 9 टक्क्यांच्या आसपास होते. त्यानंतर अमेरिकेतले प्रमाण आणखी वाढून चौथ्या हिश्श्यापर्यंत गेले. दाता वयस्कर होता, रात्र फार झाली, मूत्रपिंड बर्फात फार तास राहिले, निकाल बिघडला तर केंद्राच्या गुणांकनाला धक्का बसेल, अशी कारणे असतात. दिलेले मूत्रपिंड स्वीकारायला दिलेला हा नकार कोणत्या संमतीच्या कायद्याने बदलणार? यंत्रातून थंड द्रव सतत खेळवत ठेवल्यास मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर लवकर कामाला लागते, हे 2009 मध्ये युरोपातल्या मोठ्या चाचणीने दाखवले. साठीच्या पुढच्या दात्याचे मूत्रपिंड साठीच्या पुढच्या रुग्णाला द्यावे, ही स्पेनची रीत इतकी यशस्वी झाली की तिथले निम्म्याहून अधिक दाते आता साठीच्या पुढचे असतात.

मूत्रपिंड बसवल्यावरही काम संपत नाही. शरीर परक्या अवयवाला कधीच पूर्णपणे आपले म्हणत नाही. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, मूत्रपिंड चालते आहे तोवर रोज, ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात. त्यात खंड पडला की अवयव जातो आणि रुग्ण पुन्हा त्याच रांगेच्या शेवटी येऊन उभा राहतो. अमेरिकेने या बाबतीत कित्येक वर्षे एक अजब हिशेब चालवला. सरकारी विमा प्रत्यारोपणाचा खर्च देई, पण 65 वर्षांखालच्या आणि अपंगत्वाचा लाभ नसलेल्या रुग्णांच्या औषधांचा खर्च तीन वर्षांनी थांबवी. गोळ्या परवडेनाशा होऊन मूत्रपिंड गेले, की डायलिसिसचा त्याहून मोठा खर्च तोच विमा पुन्हा देई. हे बदलणारा कायदा 2020 च्या डिसेंबरात झाला आणि 2023 पासून लागू झाला. या काळात किती दान केलेली मूत्रपिंडे केवळ गोळ्यांअभावी मेली असतील? ज्यांच्या आप्तांनी ती दिली होती त्यांना ही गोष्ट कळली असती, तर त्यांनी पुन्हा होकार दिला असता का?

पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणाच्या आधीचा एक प्रसंग इथे नोंदवतो. 23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवले. तत्पूर्वी डॉक्टरांनी दोघांना सगळे धोके समजावून सांगितले. निरोगी माणसाचे पोट त्याच्या स्वतःच्या फायद्यासाठी नसताना उघडायचे ही वैद्यकात नवी गोष्ट होती, आणि त्यावर त्यांनी बाहेरच्या डॉक्टरांचा आणि धर्मगुरूंचाही सल्ला घेतला होता. शेवटच्या बैठकीत रोनाल्डने विचारले, यापुढे आयुष्यभर माझ्या आरोग्याची जबाबदारी हे रुग्णालय घेईल का? त्याची शस्त्रक्रिया करणारे हार्टवेल हॅरिसन आधी म्हणाले, अर्थातच नाही. मग लगेच त्यांनी विचारले, की तुला कधी मदत लागली तर या खोलीतला कोणी ती नाकारेल असे तुला वाटते का? रोनाल्ड थांबला, आणि मग त्याने होकार दिला. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला, रोनाल्ड डिसेंबर 2010 पर्यंत.